धुतलेल्या गाडीचं दार

चीनच्या लढाईनंतर आमची ट्रान्सपोर्ट कंपनी बंगळूरहून लडाखला हलली. मी हवालदार होतो. माझ्या सेक्शनमध्ये लान्स नायक नागोजी राव होता. आम्ही दोघंही बंगळूरच्या जुन्या मराठी घरांतले. त्याचे वडील कृष्णराजपुरम स्टेशनवर पॉइंट्समन होते. मी त्यांना अप्पा म्हणायचो. नागोजी मला घरी अण्णा म्हणायचा आणि ड्यूटीवर हवालदारसाब.

बंगळूरला दर शनिवारी वॉशिंग परेड असायची. तिथली लाल धूळ चिवट. कोरड्या फडक्यानं पुसली की रंगावर ओरखडे उठतात. म्हणून गाडी सावलीत घ्यायची. आधी नुसतं पाणी सोडून धूळ भिजवायची. मग टपापासून खाली साबण. चाकं सगळ्यात शेवटी, त्यांचं फडकं वेगळं. पाणी उन्हात वाळू द्यायचं नाही, नाहीतर पांढरे डाग पडतात. आमच्या गल्लीतले लोक भर दुपारी कोरड्या चिंध्यांनी गाडी घासतात, ते पाहून माझं डोकं फिरतं. गाडी धुणं हे चांगलं काम आहे. पण ते कुठं करावं आणि कुठं करू नये, एवढी अक्कल लागते.

आमच्या मेजरसाहेबांकडे ती नव्हती. साहेब पुण्याकडचे, आमच्याशी मराठीत बोलायचे. शनिवारची परेड त्यांची लाडकी. ब्रेकची तक्रार सांगितली तर पुढच्या आठवड्यावर ढकलायचे, पण बॉनेटमध्ये तोंड दिसलं नाही तर ड्रायव्हरला एक्स्ट्रा ड्यूटी. वरून कीर्तन, आतून तमाशा.

लडाखच्या हिवाळ्यात गाडीला कोणी पाणी लावत नसे. बर्फ ब्रशनं झाडायचा, काच कोरडी पुसायची, बस्स. हँडब्रेकसुद्धा ओढून ठेवत नसू, कारण सकाळी तो जखडलेला असायचा. चाकांखाली दगड लावायचे. हे पहिल्या आठवड्यात प्रत्येक ड्रायव्हर शिकला. साहेब बंकरमध्ये बुखारीच्या शेगडीजवळ बसायचे, ते शिकले नाहीत.

जानेवारीत हुकूम आला. जनरलसाहेब इन्स्पेक्शनला येणार. मेजरसाहेबांनी सकाळी फॉलइन घेतला.

"सगळ्या गाड्या धुवून काढा. बंगळूरला दिसायच्या तशा दिसल्या पाहिजेत."

नागोजी पुढं झाला. "साहेब, पाणी दाराच्या फटीत जाईल. तिथंच गोठेल."

"लंगरमधून गरम पाणी घ्या."

"गरम पाणीही गोठतं, साहेब."

"तुला विचारलं नाही. कॅरी ऑन."

आम्ही लंगरच्या चुलीवरची डेगची रिकामी करून गाड्या धुतल्या. पाणी पत्र्यावरून खाली यायच्या आत त्याच्या काचा होत होत्या. बोटं बधिर झाली. जवानांना प्यायला बर्फ वितळवावा लागायचा आणि आम्ही ते पाणी मडगार्डवर ओतत होतो. मला किळस आली होती. आजही येते.

जनरलसाहेब आलेच नाहीत. हवा बिघडली आणि हेलिकॉप्टर उडालं नाही.

दुपारी वायरलेसवर फॉरवर्ड पोस्ट बोलली. "एक जवान सीरियस. साँस नहीं ले पा रहा. गाडी भेजो. ओव्हर."

दोन वन-टन गाड्या निघायच्या होत्या. नागोजीची पुढं, माझी मागं. दोन्ही गाड्यांची दारं घट्ट चिकटली होती. पुन्हा गरम पाणी ओतून ती उघडली. दुसरा इलाज नव्हता, वर माणूस गुदमरत होता. नागोजी आत बसला, दार ओढून घेतलं आणि निघाला. फटीतलं पाणी वाटेत परत गोठलं.

तिसऱ्या वळणावर दरीकडची कड त्याच्या डाव्या चाकांखाली खचली. गाडी तिरकी झाली आणि तशीच अडकून राहिली. ड्रायव्हरचं दार डोंगराच्या बाजूला होतं. दार उघडलं असतं तर नागोजी रस्त्यावर पाय ठेवून उतरला असता. मी धावलो. तो आतून खांद्यानं दार ढकलत होता, मी बाहेरून हँडल ओढत होतो. हँडल तुटून माझ्या हातात आलं. काचही खाली येईना. मी काच फोडायला पाना आणायला वळलो. त्यानं काचेवर थाप मारून हातानं मला मागं सरायची खूण केली. मी पाना घेऊन फिरलो तेव्हा रस्ता रिकामा होता.

वरचा जवान मी आणला. तो वाचला.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. मेजरसाहेबांनी कानांवर हात ठेवले. म्हणाले, "मी गाड्या पुसायला सांगितल्या होत्या, धुवायला नाही." मी दाराबद्दल सांगितलं. माझं कोणी मनावर घेतलं नाही. निकाल लागला: ड्रायव्हरनं गाडी कडेला नेली आणि वेळेवर उडी मारली नाही.

पुढं माझी बदली परत बंगळूरला झाली. अप्पांना मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "तू त्याचा दोस्त, तू असंच सांगणार बाळा. जन्मभर मी रूळ बदलले, एक गाडी चुकीच्या लाइनीवर घातली नाही. माझा पोर चुकला काय, ते मला साहेबाच्या तोंडून ऐकायचंय."

मेजरसाहेब तोवर रिटायर होऊन कंटोन्मेंटमध्ये बंगल्यात राहत होते. एका रविवारी सकाळी अप्पांना घेऊन गेलो. साहेब पोर्चच्या सावलीत स्वतःची फियाट धूत होते. अगदी शिस्तीत, टपापासून खाली. मला ओळखून हसले.

मी म्हटलं, "साहेब, हे नागोजीचे वडील."

साहेबांनी हात थांबवला नाही. "शूर पोरगा होता. वाईट झालं."

अप्पांनी विचारलं, "साहेब, त्याची चूक होती काय?"

"जाऊ दे हो. इतकी वर्षं झाली. जरा घाई केली त्यानं, बाकी काही नाही."

बोलता बोलता साहेबांनी गाडीची चारही दारं उघडली. कोरडं फडकं घेतलं आणि दारांच्या कडेचं रबर पुसायला लागले. अप्पा पाहत राहिले.

"हे कशाला पुसता, साहेब?"

"रबरात पाणी राहतं ना. तसंच बंद केलं तर दार चिक..."

फडकं थांबलं. साहेबांनी वर पाहिलं नाही. अप्पांनी हात जोडले.

"सरी, बरं साहेब. मला एवढंच पाहिजे होतं."

फाटकाबाहेर येऊन मी रस्त्यावर थुंकलो. आयुष्यात एवढा संताप मला शत्रूचाही आला नव्हता. ज्या हातांनी एका पोराला डब्यात कोंडून मारलं, ते हात स्वतःच्या फियाटची दारं निगुतीनं कोरडी करत होते.

बसस्टॉपवर अप्पा बाकावर बसले. मग म्हणाले, "त्यानं दार ढकललं होतं, नाही?"

"ढकललं, अप्पा. खांदा लावून."

"आणि तुला मागं सर म्हणाला."

"हो."

अप्पांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली आणि बस येईपर्यंत रडले.