आम्रपालीताई आणि पाणटिवळा

काळेवाडीच्या आम्रपाली ओव्हाळ चाकणच्या एका कंपनीत सतरा वर्षं तपासणीच्या टेबलावर आहेत. वडीलही कारखान्यातलेच. शेकडो पार्टांतला केसाएवढा चरा पडलेला एक पार्ट त्यांना बरोबर दिसतो. "यापलीकडं मला काही येत नाही," असं त्या सांगायच्या.

गेल्या फेब्रुवारीत कंपनीची सहल ऐरोलीच्या खाडीत, फ्लेमिंगो अभयारण्यात गेली. ओहोटी लागली होती. उघड्या पडलेल्या चिखलावर हजारो फ्लेमिंगो माना खाली घालून चरत होते. बोटीतले सगळे मोबाइल तिकडं वळले. आम्रपालीताई मात्र अलीकडं, तिवरांच्या कडेला चोच खुपसणारे साधे तपकिरी पक्षी बघत होत्या.

"त्यातला एक नीट चालत नाहीये," त्या म्हणाल्या. "चार पावलं टाकतो अन् मागं ओढला जातो."

बोट चालवणारे चिमाजी हसले. "पाणटिवळे आहेत ते, ताई. चिखलात असेच चालतात."

"बाकीचे नाही चालत तसे."

सोबतच्या वनरक्षक जयमाला यांनी दुर्बीण लावली. ताईंचं खरं होतं. पक्ष्याच्या पायाला जाळ्याचा नायलॉन दोरा गुंडाळला होता, दुसरं टोक तिवराच्या मुळात अडकलं होतं.

"पाणी उतरतंय. बोट रुतली तर संध्याकाळपर्यंत इथंच," चिमाजी म्हणाले. पण जयमालांनी होकारार्थी मान डोलावताच त्यांनी चिखलावर फळी टाकली, तिच्यावर गुडघा टेकवला आणि दुसऱ्या पायानं रेटत निघाले. मुळाशी दोरा कापून पक्षी टॉवेलात गुंडाळून आणला.

पायातला दोरा कातडीत रुतला होता. जयमालांनी ब्लेड काढलं. "ब्लेड नको," ताई म्हणाल्या. नखानं एकेक वेढा सैल करत त्यांनी गाठ सोडवली. हातात ते एवढंसं काळीज धडधडत होतं. जखम वरवरची होती. जयमालांनी ती पुसून पक्ष्याला चिखलाच्या कडेला सोडलं. तो क्षणभर तसाच उभा राहिला, मग पाण्यालगत उडत थव्यात मिसळला. चिमाजींनी घाईनं इंजिन सुरू केलं आणि बोट वेळेत बाहेर काढली.

धक्क्यावर उतरताना जयमालांनी ताईंचा नंबर घेतला. "जानेवारीत पक्षीगणना असते. याल?"

"मला नावं येत नाहीत हो."

"नावं आम्ही शिकवू."

यंदा जानेवारीत आम्रपालीताई सुट्टी टाकून गेल्या. दिवसभर दुर्बिणीला डोळा लावून बसल्या, अकरा जाती ओळखल्या, आणि घरी परतल्यावर जेवताना त्याच अकरा नावांची उजळणी करत राहिल्या.