कोंडाण्याच्या लाइनीवरचे माझे श्रोते

माझ्या पॉडकास्टमुळे पप्पांचा टमटमचा नंबर जायची वेळ आली होती.

नंबर म्हणजे काय ते आधी सांगते, कारण सगळा घोळ तिथेच आहे. कर्जत स्टेशनच्या बाहेरून कोंडाण्याच्या बाजूला शेअरच्या टमटम सुटतात. त्या ओळीने उभ्या असतात आणि पहिली भरून सुटल्याशिवाय दुसरीत कुणी बसायचं नाही. पप्पा या लाइनीवर माझ्या जन्माच्या आधीपासून आहेत आणि आमचं घर त्याच गाडीवर चालतं. संघटनेने एखाद्याचा नंबर काढला की त्याने गाडी अंगणात लावायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे. दुसरा उपयोग नाही.

आता माझा पॉडकास्ट. नाव ‘घरातलं बाहेर’. आमच्या घरी जे जे घोळ होतात ते मी कपाटात डोकं घालून मोबाइलवर रेकॉर्ड करते (साड्यांमुळे आवाज घुमत नाही, खरंच, करून बघा). श्रोते होते तीन. एक मी, एक माझी मैत्रीण आणि एक कुणीतरी अनोळखी, ज्याच्यासाठी मी जीव तोडून मेहनत घ्यायचे. नंतर कळलं की तो आमच्या साजगावच्या मामेभावाचा दुसरा मोबाइल होता.

मग मी श्रोते कसे वाढवायचे याचे व्हिडिओ बघायला लागले. सगळे एकच सांगत होते. जाहिराती करू नका, ऑरगॅनिक वाढवा. आपला श्रोता जिथे बसलाय तिथे पोचा. एका ऐकणाऱ्याने दुसऱ्याला सांगितलं पाहिजे.

माझा श्रोता कुठे बसलाय? मी जेवता जेवता विचार केला आणि समोर पप्पा बसले होते. टमटममध्ये! गुडघ्याला गुडघा लावून, हलायला जागा नाही, आणि स्टेशन मागे पडलं की रेंजही जाते, म्हणजे मोबाइलमध्ये दुसरं काही बघता येत नाही. इतका चांगला श्रोता जगात कुणाला मिळाला नसेल.

मी एपिसोड पेनड्राइव्हमध्ये भरून पप्पांच्या हातात दिला.

“पप्पा, गाण्यांच्या जागी हे लावा ना.”

“काय हाय त्याच्यात?”

“मी आहे.”

“घरी ऐकतोच की तुला.”

पण लावला. पप्पा तसे गरीब आहेत.

एपिसोड होता आत्याच्या कोंबड्याचा. खालापूरची आत्या सणाला कोंबडा घेऊन आली, तो आमच्या दारातच तिच्या हातून सुटला, शेजारच्यांच्या कोंबड्यांत जाऊन मिसळला आणि शेजारी म्हणाले, हा तर आमच्याकडे पहिल्यापासूनच आहे. त्याच्यावरून अर्धी आळी जमली. कोंबडा कुणाचा ठरला हे मी अगदी शेवटच्या मिनिटाला सांगितलं होतं, कारण व्हिडिओत तसंच सांगतात.

ताराकाकी रोज कर्जतला भाजी विकून दुपारी परत येते आणि मधल्या पुलावर उतरते. त्या दिवशी पूल आला आणि कोंबडा अजून शेजाऱ्यांच्या अंगणात होता.

“काकी, उतरा.”

“थांब रं बबन. कोंबडा कुनाचा निघाला ते कळू दे.”

“मागच्यांना उशीर होतोय, काकी.”

“इचार त्यांना. कुनाला घाई हाय काय?”

कुणाला घाई नव्हती. एक कॉलेजचा मुलगा तर म्हणाला, “काका, गाडी बाजूला घ्या, इंजिनच्या आवाजात नीट कळत नाय.” पप्पांनी पुलाच्या कडेला इंजिन बंद केलं. मागून आलेला टेंपोवाला हॉर्न वाजवून थकला आणि शेवटी खिडकीतून डोकं काढून ऐकत बसला.

झालं. ताराकाकीने बाजारात बायकांना सांगितलं, बायकांनी घरी सांगितलं. आई कांदे घ्यायला गेली तर कांदेवाला म्हणाला, “वहिनी, त्या कोंबड्याचा रस्सा सगळ्यांना पुरला का?” आई घरी आली आणि दोन दिवस माझ्याशी फक्त भांडी आपटून बोलली. पण मी खूश होते. यालाच तर ऑरगॅनिक म्हणतात! (ॲपवर आकडा अजून तीनच दाखवत होता, कारण पेनड्राइव्हवर कोण ऐकतंय हे ॲपला काय कळणार.)

पुढच्या आठवड्यात पप्पा घरी आले आणि चहाही न मागता खुर्चीत बसले.

“सोनल, उद्या स्टँडवर मीटिंग हाय. माझा नंबर काढायचं म्हनतायत.”

झालं असं होतं की लोकांनी पहिल्या गाडीत बसणंच सोडलं होतं. सलीमभाईंची गाडी पुढे उभी, तिच्यात एक म्हातारा, तोही झोपलेला. आणि बाकी सगळे मागे पप्पांच्या गाडीभोवती. विचारलं की म्हणायचे, आम्ही बबनच्या गाडीने जाऊ, तिच्यात ती पोरगी बोलते.

मीटिंगला मीही गेले. पप्पा नको म्हणत होते, पण घोळ माझा होता. संघटनेचे अध्यक्ष हरीकाका चहा बशीत ओतून पीत होते.

“बबन, नंबर म्हंजे नंबर. तू लोकांना नादाला लावतोस.”

“मी काय केलं? लोकं येऊन बसतात. उतरवू काय त्यांना?” पप्पा म्हणाले.

“हरीकाका, मी सांगते,” मी मध्येच सुरू झाले. “याला ऑरगॅनिक वाढ म्हणतात. म्हणजे जबरदस्ती नाही, लोकच लोकांना सांगतात आणि मग आपोआप...”

“तुझी वाढ झाली पोरी,” सलीमभाई शांतपणे म्हणाले, “आणि माझी गाडी रिकामी गेली.”

मी मनातल्या मनात सगळे व्हिडिओ पुढे-मागे करून बघितले.

पप्पा खाली बघत होते. हरीकाकांनी बशी ठेवली, म्हणजे आता नंबर काढणार. मी घाईघाईत म्हणाले, “मग सगळ्यांच्याच गाडीत लावा ना! मी सगळ्यांना पेनड्राइव्ह देते.” (मला पप्पांची काळजी होती. पण सगळी लाइन माझे श्रोते, हेही मनात आलंच.)

हरीकाकांनी बशी परत उचलली. “चालेल. सगळे लावतील. फक्त बबन लावनार नाय. त्याने भरपूर गर्दी खाल्ली, आता जरा बाकीच्यांना खाऊ दे.”

“आवाज मात्र बेताचा ठेव,” सलीमभाई म्हणाले. “माझ्या गाडीचा पत्रा जुना आहे, तू हसलीस की थरथरतो.”

नंबर वाचला. पप्पांनी जुनी गाणी परत लावायचा प्रयत्न केला, पण त्यांचा गाण्यांचा पेनड्राइव्ह मी एपिसोड भरताना आधीच पुसून टाकला होता. मग त्यांची गाडी मुकीच चालायला लागली.

आणि मी? मी स्टार झाले होते. जाताना मी, येताना मी, सकाळी मी, संध्याकाळी मी. नवा एपिसोड आठवड्याने येतो, त्यामुळे तोपर्यंत लाइनीवरच्या प्रत्येक गाडीत तोच कोंबडा, तीच आत्या, तेच माझं हसणं.

काही आठवड्यांनी मी ठरवलं की आपल्या श्रोत्यांना प्रत्यक्ष भेटावं. ड्रेसला इस्त्री करून स्टँडवर गेले. बघते तर पुढे सलीमभाईंची गाडी, तिच्यात झोपलेला म्हातारा, आणि बाकी सगळी गर्दी परत पप्पांच्या गाडीभोवती. ताराकाकी टोपल्या घेऊन सगळ्यात पुढे.

मी तिला बाजूला घेतलं.

“काकी, पुढच्या गाडीत बसा ना. पप्पांच्या गाडीत पॉडकास्ट नसतो आता.”

“म्हनून तर थांबलेय गं,” काकी म्हणाली. “दिवसभर बाजारात कलकल, आन गाडीत तू. बबनच्या गाडीत कसं, डोळा लागतो.”

तेवढ्यात हरीकाका आले, त्यांनी दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि माझ्याकडे बघितलं. परत मीटिंग. परत बशी. पप्पा परत खाली बघत होते. मी या वेळी गप्प होते, आणि ते सगळ्यांना फार बरं वाटलं असावं.

निकाल एका मिनिटात लागला. सगळ्यांनी पेनड्राइव्ह काढायचे, पप्पांचा नंबर आहे तिथेच राहील. फक्त एक पेनड्राइव्ह हरीकाका स्वतःच्या खिशात ठेवतील, आणि जो कुणी लाइन मोडून मधून गाडी भरेल, त्याने आठवडाभर माझा पॉडकास्ट लावायचा.

तेव्हापासून आमच्या स्टँडवर एकानेही नंबर मोडलेला नाही.