बत्तीस प्रश्न आणि मुरबाडची लाल गाडी

तीस वर्षं मी गावोगावच्या व्यासपीठांवरून दोन गोष्टी घसा फोडून सांगत आलोय. एक, विचारल्याशिवाय काहीही स्वीकारू नका. दोन, लग्नातली वरात बंद करा. त्या ढणढणाटात आपल्या तालुक्याची अक्कल वाहून जाते. स्वतःसाठी मात्र विशीपासून एकच मागणं होतं: दोन दारांची, जमिनीला टेकलेली स्पोर्ट्स कार. यंदा साठी झाली. बायको म्हणाली, "अहो, गुडघे वाकतायत तोवर घ्या. नंतर त्यात बसता येईल, उठता नाही यायचं."

मुरबाडला अशी एक जुनी गाडी विकायला आहे असं कळलं आणि मी शहापूरहून निघालो. खिशात विसाराची रक्कम आणि महिनाभर वाचून काढलेले बत्तीस प्रश्न.

तुम्हाला हा रस्ता करायचा असेल तर सकाळी लवकर निघा. थेट एसटी मिळाली तर उत्तम, नाहीतर किन्हवलीपर्यंत बस आणि तिथून सरळगावमार्गे जीप. भातं कापून झालेली, खाचरं मोकळी, त्यामुळे डोंगर अगदी जवळ आल्यासारखे दिसत होते. गाडी पारखायला सोबत बोलावलेले दामूदादा शेणव्याला चढले. एसटीच्या वर्कशॉपमध्ये हयात घालवलेला हा मेकॅनिक बोलतो मोजकं, पण कानाने इंजिनाचा आजार ओळखतो. मी किन्हवली येईपर्यंत त्यांना सगळे बत्तीस प्रश्न वाचून दाखवले, कारणांसकट.

ते शेवटी म्हणाले, "सर, गाडीला पण जरा बोलू द्याल ना?"

किन्हवलीत उसळ-पाव खाऊन घ्या. शंभराच्या आत दोघांचं पोट भरतं, आणि रस्सा असा की पुढच्या जीपमध्ये झोप लागत नाही. तशीही ती लागली नसती. दहाजणांच्या जागेत आम्ही चौदा होतो आणि ड्रायव्हर ओरडतच होता, "सरका रे, मावशीला अर्धी सीट द्या, मावशी बारीकच हाय!" मावशी बारीक नव्हत्या.

मुरबाडच्या बाजारामागे गाडीचा मालक विलास याचं घर. गाडी त्याने रिकाम्या गोठ्यात ठेवलेली. त्याने ताडपत्री ओढली आणि आतून लाल रंग असा उसळला की मी पहिला प्रश्नच विसरलो. हजारोंच्या सभेत कधी शब्द विसरलो नाही. कशीबशी यादी काढली.

"अपघात?"

"नाय."

"पाण्यात बुडालेली?"

"पावसाळ्यात आमी बाहेरच काढत नाय."

"लांबचा प्रवास?"

"ह्या दोन तालुक्यांबाहेर कंदी नाय."

"आणि वेगात?"

"आईशप्पत सर, काटा वीसच्या वर नाय गेला!"

मीटरवर जेमतेम नऊ हजार किलोमीटर. एवढं जिवापाड कोण जपतं? माझा हात विसाराकडे गेला. दामूदादांनी मनगट धरलं आणि दार उघडून ते पेडलपाशी वाकले. वाचकहो, जुनी गाडी बघाल तेव्हा रंग नंतर बघा, आधी तिथे वाका.

"क्लचच्या पेडलचं रबर पार गुळगुळीत," ते म्हणाले. "अ‍ॅक्सिलरेटरचं कोरं."

"म्हणजे मीटर खोटा?"

"मीटर खरा हाय. पेडल पण खरा हाय. दोघांचं जुळत नाय."

"चालवून बघा की!" विलास म्हणाला.

मी स्टिअरिंगमागे उतरलो. उतरलो असंच म्हणायला हवं, कारण बैठक विहिरीसारखी खोल होती. शेजारी दामूदादा, मागून मोटारसायकलवर विलास. सरळगावच्या दिशेने निघालो. प्रत्येक वस्तीवर लोक रस्त्याला आले. हसले. हात हलवले. मीही कोपर खिडकीवर टेकवून पंजा सावकाश हलवू लागलो. "दादा, बघा," मी म्हणालो, "सामान्य माणसाला सौंदर्याची जाण असते!" दादा गाडी ऐकत होते.

चढ लागला. "तिसरा टाका. आता दाबा," ते म्हणाले. इंजिन डरकाळ्या फोडू लागलं आणि गाडी होती तशीच रांगत राहिली. जळका वास आला.

"क्लच संपला," दादा म्हणाले.

तेवढ्यात डोक्यावर मोळी घेतलेल्या एका आजीने हात करून आम्हाला थांबवलं. वाकून आत पाहिलं.

"लगीन कुणाचं हाय रं?"

"कुणाचं नाही, आजी."

"मंग नवऱ्याची गाडी कशाला आणली?" तिने माझा पांढराशुभ्र झब्बा निरखला. "तूच हाय व्हय नवरा? लय उशीर केलास, बाबा."

मागे विलासने मान खाली घातली. मग सगळं बाहेर आलं. तुळशीचं लग्न लागलं की पावसाळ्यापर्यंत ही गाडी वरातीला. पहिल्या गियरमध्ये, अर्ध्या क्लचवर, नाचणाऱ्यांच्या मागे पावलापावलाने. एकेका वरातीला तीन-तीन तास. नऊ हजार किलोमीटर खरे होते, चालत केलेले. दादांनी पायाखालची चटई उचलली. खाली पिवळ्या अक्षता.

आणि मला आठवलं. किन्हवलीत वरातींविरुद्ध बोलत असताना एक वरात नेमकी मंडपासमोरून गेली होती. माझं वाक्य अर्धं राहिलं, लोक उठून बघायला धावले. त्या गर्दीत एक लाल बॉनेट होतं. हेच.

"तुमी समदं इचारलंत सर," विलास कळवळून म्हणाला, "पण कशाला वापरली ते कुठं इचारलंत?"

मी यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत पाहिली; बत्तिसांत तो प्रश्न नव्हता.

दादांचं मत होतं, इंजिन ठणठणीत आहे, क्लच बदलून गाडी चालेल. चाललीही असती. पण पुढची वीस वर्षं तालुक्यातल्या प्रत्येक फाट्यावर मी नवरा नाही, हे मला सांगावं लागलं असतं. विसार खिशातच राहिला. जीप, बस, शहापूर. बायकोने दारातच विचारलं, "नाही ना घेतली?" आणि चहा टाकला. चाळीस वर्षांचं मागणं एका चढावर विझलं होतं.

पण एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. ते हसरे चेहरे, माझा तो हलणारा हात, सगळं मला आवडलं होतं. फार आवडलं होतं.

पुढच्या रविवारी शहापुरात माझं व्याख्यान होतं. मी नेहमीच्या जागी आलो, मूठ वळली, आवाज चढवला: "वरातीत मिरवणाऱ्या माणसाला मी विचारतो..." पहिल्या रांगेत दामूदादा बसले होते. त्यांनी कोपर खुर्चीच्या हातावर टेकवलं आणि पंजा सावकाश हलवला.

वाक्य अर्धं राहिलं. या वेळी वरात नव्हती.