किल्लीचं भोक नसलेलं कुलूप

सदर कुटुंबात एक पूर्णवेळ काळजीवाहक उपलब्ध आहे. पुरुष, वय एक्कावन्न, रुग्णाचा थोरला मुलगा. व्यवसाय कुलूपदुरुस्ती, स्वतःचे दुकान. प्रकृती ठणठणीत, वर्तणूक शांत, तक्रार नाही. सबब बाहेरील मदतीची आवश्यकता दिसत नाही.

ही नोंद तपासणीसबाईंनी दारातच उभ्याउभ्या केली. तक्रार नव्हती हे खरं. कुणी विचारलीच नव्हती.

रुग्ण म्हणजे वडील. हा धंदा पोराला त्यांनीच शिकवला. आता ते पोराला ओळखत नाहीत, कुलपाला मात्र ओळखतात. पोरगा दुकानात गेला की म्हातारा दार उघडून चालू लागतो. दोनदा हमरस्त्यावर, ट्रकांच्या मधोमध सापडला.

"दादा, अख्ख्या गावाला कुलपं लावतोस आणि स्वतःच्या घराला एक धड लावता येत नाही?" परगावची बहीण फोनवर म्हणाली. यायला तिला रजा मिळत नसे. सल्ल्याला रजा लागत नाही.

त्यानं सात लिव्हरचं कुलूप बसवलं, आतूनही किल्लीशिवाय न उघडणारं. बाबांनी मोडक्या छत्रीची काडी घेतली, चार मिनिटांत ते उघडलं आणि मागे उभ्या पोराला म्हणाले, "साहेब, कोणाकडून बसवून घेतलंत हे?"

"आहे एक कारागीर."

"हात कच्चा आहे हो त्याचा. बापानं नीट शिकवलेलं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी साडेतीनच मिनिटं लागली. पोरानं घड्याळ लावलं होतं. अभिमानाला काळवेळ कळत नाही.

शेवटी त्यानं आकड्यांचं कुलूप आणलं. बटणं दाबायची; किल्ली नाही, भोकही नाही. त्या दिवशी कित्येक महिन्यांनी त्यानं निर्धास्तपणे दुकान चालवलं. संध्याकाळी परतला तर बाबा दाराशीच उभे. हातात काडी, बोटांची सालटं निघालेली, सकाळचं जेवण टेबलावर तसंच.

"साहेब," ते रडवेले होऊन म्हणाले, "भोक सापडत नाही. माझ्या हातातलं काम गेलं हो."

त्यानं ते कुलूप तिथल्या तिथे उपटून काढलं. आता दार सताड उघडं असतं आणि हा उंबऱ्याशी खुर्ची टाकून बसतो.

"मग, लावलंस का शेवटी कुलूप?" बहिणीनं विचारलं.

"लावलंय," तो म्हणाला. "चांगलं आहे. हलत नाही."

दुकान आठ महिने बंद आहे.