रूथबाईंचं जिन्याखालचं मशीन

किस्से कसे साठतात, सांगू? फ्रीजमधल्या डब्यांसारखे. चमचाभर काहीतरी उरतं, टाकवत नाही, झाकण लावून ठेवतो. आणि एक दिवस दुधाला जागा राहत नाही. शेजारच्या रूथबाईंचे असे इतके डबे झालेत माझ्याकडे, की आज उघडतेच. मला लिहिता येत नाही. मी बोलते, सून स्मिता उतरवून घेते.

रूथबाई म्हणजे डॉक्टर रूथ. माझ्या मुलासारख्या हॉस्पिटलातल्या नव्हेत, भूकंपाच्या डॉक्टर! अमेरिकेतल्या काळ्या बाई, पंचावन्नच्या आसपास, उंच, हसल्या की आमच्या भिंतीतून ऐकू यायचं. त्यांच्या युनिव्हर्सिटीत भूकंपाचं शास्त्र शिकलेली पहिली काळी बाई त्याच. दोन वर्षांच्या नोकरीवर लंडनला आल्या आणि इथे हॅरोला आमच्या शेजारी राहिल्या.

पहिल्यांदा दारात आल्या तेव्हा हातात खोका होता. मीटरवाल्या समजून मी सरळ गॅसचं मीटर दाखवलं! स्मिता इतकी ओशाळली. रूथबाई मात्र हसत सुटल्या. (त्यांचं इंग्रजी मला आणि माझं मराठी त्यांना स्मिताच सांगायची.) म्हणाल्या, सवय आहे मला. एकदा मोठ्या सभेच्या दारात एका प्रोफेसरांनी त्यांच्या हातात आपला कोट दिला. बाईंनी तो नीट टांगला, स्टेजवर गेल्या आणि तासभर भाषण दिलं. नंतर साहेब मान खाली घालून कोट मागायला आले. बाई म्हणाल्या, "मिळेल की. आधी भाषणावर एक प्रश्न विचारा."

खोक्यात मशीन होतं, पोळ्यांच्या डब्याएवढं. जमीन जराशी हलली तरी कॉम्प्युटरवर त्याची रेघ उमटायची. अशी मशीनं लोकांच्या घराघरांत ठेवायची, ही बाईंची आयुष्यभराची धडपड. वरचे साहेब म्हणत, घरात माणसांचा एवढा धुडगूस, त्यात भूकंप कसला ओळखू येणार? दोन वर्षांनी समिती येऊन बघणार होती. पटलं तर काम पुढे चालू, नाहीतर सगळं गुंडाळून बाई परत अमेरिकेला.

मी म्हटलं, ठेवा आमच्या जिन्याखाली, केर ओढायच्या हूवरच्या शेजारी.

हे घरांचं वेड त्यांना लागलं कसं, तेही ऐका. शिकत होत्या तेव्हा मशीनं युनिव्हर्सिटीच्या तळघरात असायची आणि किल्ली सगळ्या मुलांना मिळायची, यांनाच नाही. बाईंनी काय करावं? जुने सुटे भाग जमवून स्वतःचं मशीन बांधलं आणि आपल्या चर्चच्या तळघरात नेऊन ठेवलं. सर चिडले. वर शेकडो माणसं पाय आपटून गाणी म्हणतात, तिथली नोंद कोण मानणार? बाई म्हणाल्या, "सर, ते फक्त रविवारी. बाकी सहा दिवस तिथे उंदीर असतात, आणि ते गात नाहीत."

त्याच तळघरात त्यांना पहिला भूकंप सापडला!

आमच्याकडच्या हळदीकुंकवाला मी त्यांना बोलावलं. भूकंपवाल्या बाई म्हटल्यावर सगळ्या त्यांच्याभोवती गोळा. एजवेअरच्या पाटकीणबाईंनी विचारलं, चौदा तारखेला आमच्या नातीचं बारसं आहे, त्या दिवशी काही हलणार तर नाही ना? रूथबाईंनी पर्समधून डायरी काढली, गंभीरपणे पानं उलटली आणि म्हणाल्या, "चौदाला काही नाही. पंधराचं मात्र मी सांगू शकत नाही."

पाटकीणबाईंनी हॉल लगेच नक्की केला.

पुढचा किस्सा माझा लाडका. एका सकाळी रूथबाई धापा टाकत आल्या, हातात कागदांची चळत. दर पंधरा दिवसांनी, सकाळी साडेसातला, आमच्या जिन्याखालची जमीन वीस मिनिटं धडधडते! चार महिने तपासलं, एकदाही चुकलं नाही. याचा संबंध चंद्राशी आहे, आणि हे अजून कुणालाच सापडलेलं नाही. आता समितीच्या रिपोर्टात पहिल्या पानावर घालते, म्हणाल्या.

मी स्मिताकडून तारखा वाचून घेतल्या, तिला कालनिर्णय काढायला लावलं आणि बाईंना हाताला धरून किचनमध्ये नेलं. ओट्यावर माझा खलबत्ता. दर एकादशीला मंडळातल्या बारा जणींची खिचडी माझ्याकडे असते, आणि मिक्सरमध्ये कुटाला तेल सुटतं म्हणून दाणे मी हातानेच कुटते.

"बाई, तुमचा चंद्र बरोबर आहे," मी म्हटलं. "पण मध्ये साबुदाणा आहे."

त्या तिथेच जमिनीवर बसल्या आणि डोळ्यांतून पाणी येईतो हसल्या.

पण धसकाही घेतला त्यांनी. हे रिपोर्टात गेलं असतं तर साहेबांनी काय म्हटलं असतं! म्हणून मग दर रविवारी मला कॉम्प्युटरसमोर बसवायच्या. ही रेघ कसली? ती कसली? अक्षरं माझ्या डोक्यात कधी शिरली नाहीत, पण रेघा भराभर शिरल्या. ही ट्रेन. हा दोन-दोन पायऱ्या उतरणारा माझा लेक, उशीर झालेला.

आणि मग समिती आली. तिघं जण. मोठे साहेब आमच्या मशीनच्या रेघांचे चार कागद स्वतःच निवडून घेऊन आले होते. वरच्या वेळा झाकलेल्या. म्हणाले, घरातल्या माणसालाही हे वेगळं सांगता येणार नाही, पैज लावतो. रूथबाईंना बोलायची मनाई. त्या खुर्ची घट्ट धरून उभ्या.

पहिला कागद. वॉशिंग मशीन. दुसरा, खलबत्ता. तिसरा, आमचा लेक. साहेबांच्या भुवया जरा वर गेल्या. चौथ्यावर मी बोट ठेवलं ते उचललंच नाही.

"हे आमच्या घरातलं नाही."

स्मिता घाबरली. "आई, नक्की?"

"कुटणं एकदम सुरू होतं. हे आधी बारीक थरथरलंय, मग जरा निवलंय, मग मोठं आलंय. लहानपणी आमच्या गावात अस्संच आलं होतं. आधी फडताळातली भांडी वाजली. आई म्हणाली, मांजर असेल. तिचं बोलणं पुरं होईतो भिंत पडली."

स्मितानं ते इंग्रजीत सांगितलं. साहेबांनी कागदावरची वेळ उघडी केली, बॅगेतून आपली भूकंपांची यादी काढली आणि बोटाने ओळी खाली खाली शोधत गेले. बोट थांबलं. चष्मा पुसून त्यांनी परत पाहिलं. समुद्राखालचा भूकंप, खूप लांबचा.

साहेबांनी यादी घडी करून ठेवली, उठून जिन्याखाली वाकून मशीन पाहिलं, आणि तिथूनच रूथबाईंना विचारलं,

"आमच्या घरी जिन्याखाली नुसत्या छत्र्या आहेत. त्या काढल्या तर तेवढी जागा पुरेल?"