आम्हीच मागितलेला रस्ता

आमच्या गल्लीतल्या सिमेंट रोडच्या अर्जावर अक्षर माझं आहे. तीस वर्षं शाळेत फळ्यावर लिहून वळणदार झालेलं, लांबूनही वाचता येईल असं. नागपुरात नंदनवनच्या पुढे आमचं हे लहानसं ले-आऊट, म्हणजे प्लॉट पाडून वसलेली वस्ती. डांबरी रस्त्याला दर पावसाळ्यात खड्डे पडायचे, म्हणून मीच दारोदार फिरून सह्या गोळा केल्या. कामाच्या दिवशी नारळही मीच फोडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

समोरच्या घरातली माझी मैत्रीण सही करताना थबकली होती. म्हणाली, "रस्ता उंच झाला तं मी वर कशी येऊ वं? गुडघे उचलत नाहीत माझे."

मी म्हटलं, "इंजिनिअर लोकं काय झोपले आहेत का? कर सही मुकाट्यानं."

तिनं केली.

जुना रस्ता उखडण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. त्याच्यावरच गिट्टी, गिट्टीवर सिमेंट. महिनाभरात रस्ता दीड फूट वर आणि समोरची घरं दीड फूट खाली. माझी बाजू चढावर आहे म्हणून मी वाचले. तिच्या फाटकापुढे मात्र नालीची पट्टी आणि त्यापलीकडे सिमेंटची उभी भिंत.

त्याआधी आमचा रोजचा कार्यक्रम ठरलेला होता. कोपऱ्यावर कडुनिंबाखाली सिमेंटचा एक बाक होता. पाच वाजले की ती यायची, गल्लीच्या टोकापर्यंत आम्ही चार चकरा मारायचो आणि मग सात वाजेपर्यंत बाकावर. कधी मेथी निवडायची, कधी तुरीच्या शेंगा सोलायच्या, आणि येणाऱ्याजाणाऱ्याची निंदा करायची. तिला शुगर आहे. घरात ती आणि मुलगा दोघंच. तो बुटीबोरीच्या कंपनीत, सकाळी सातला जातो तो संध्याकाळी साडेसातला येतो. म्हणजे तिचा व्यायाम, तिचं औषध आणि तिचं माणूस, सगळं त्या दोन तासांत होतं. रस्त्याच्या कामात बाकही गेला. गाड्या वळवायला अडचण होते म्हणे!

आम्ही काही हातावर हात धरून बसलो नाही. मिस्त्री बोलावून तिच्या फाटकापुढे दोन पायऱ्या बांधून घेतल्या. पंधरा दिवसांनी नाली साफ करणारे आले आणि अतिक्रमण म्हणून त्या फोडून गेले. दीड फूट रस्ता चालतो, दोन पायऱ्या चालत नाहीत. मग विटा रचल्या. त्यातली एक वीट हलली आणि माझी मैत्रीण पडली. हाड मोडलं नाही, पण धीर मोडला. त्यानंतर तिनं फाटकाला हात लावला नाही.

मी महापालिकेच्या ऑफिसात गेले. तिथल्या साहेबांनी मोबाईलवर तक्रार टाकायला सांगितलं. टाकली. आठवड्यात उत्तर आलं, तक्रार निकाली काढली, सोबत फोटो. फोटोत सुबक उतार केलेलं फाटक होतं, पण ते दुसऱ्याच कोणाचं. पुन्हा गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, सिस्टममध्ये तर काम झालं दाखवून राहिलं."

आणि डॉक्टर तिला सांगतात, रोज अर्धा तास चाला. कुठे चालेल ती, स्वयंपाकघरातून संडासापर्यंत?

माझा थोरला भाऊ पश्चिम नागपुरात राहतो. तिच्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा, शुगर त्यालाही. पण घरासमोर बाग, बागेत चालायला फरशी, दर पन्नास पावलांवर बाक, आणि बाकांवर सकाळसंध्याकाळ हसणारे म्हातारे. त्याचा रिपोर्ट नेहमी चांगला. परवा मला म्हणतो, "इच्छाशक्ती पायजे, बाकी काही नाही." मी त्याला म्हटलं, "तुझी इच्छाशक्ती घेऊन एक महिना तिच्या घरी राहून दाखव." त्यावर त्यानं विषय बदलला. नाचता येईना अंगण वाकडं म्हणायला काय जातं? इथे अंगण खरंच वाकडं आहे.

मग आम्ही फोनवर आलो. मधे वीस फुटांचा रस्ता आणि रोज पाच वाजता मी तिला फोन करते! आवाज ऐकू यायचा, पण दिवसेंदिवस बोलणं कमी झालं. आधी तासभर, मग दहा मिनिटं, मग नुसतं "हो, नाही."

गेल्या महिन्यात एक दिवस तिनं फोनच उचलला नाही. चार वेळा लावला. माझा जीव खाली-वर. तशीच निघाले, रस्ता ओलांडला, काठावर बसले आणि घसरत खाली उतरले. सत्तरीच्या बाईला ते शोभत नाही, पण उतरले. आत गेले तर ही टीव्हीसमोर बसलेली, आवाज बंद, फोन आतल्या खोलीत वाजतोय.

"उचलत काहून नाही वं?" मी ओरडलेच.

"उठाचा कंटाळा आला," ती म्हणाली. "चालाची सवयच गेली आता."

तीन खोल्यांचं घर, आणि तिला दुसरी खोली लांब झाली होती. मी नारळ फोडला त्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला रडू आलं, म्हणून मी आणखी ओरडले. मग तिनंच उठून चहा ठेवला.

सहा वाजता निघाले तर मला वर चढता येईना. एक पाय टेकवला, दुसरा उचलेना. रस्त्यावरून गाड्या जात होत्या. त्यांची चाकं आमच्या गुडघ्यांच्या उंचीवर फिरत होती. माझी धडपड पाहून ती इतकी हसली की डोळ्यांना पाणी आलं. तिला हसताना मी किती महिन्यांनी पाहत होते! शेवटी दोन खुर्च्या टाकून फाटकाच्या आत बसलो, मुलगा येईपर्यंत. मेथीही निवडली. साडेसातला तो आला आणि त्यानं मला हात देऊन वर ओढलं.

खालून ती म्हणाली, "रोज अशीच फसत जा वं."

तेव्हापासून रोज पाचला मी घसरत उतरते आणि साडेसातपर्यंत अडकून बसते. अंगणातल्या अंगणात आमच्या चकरा सुरू झाल्या आहेत. नवा अर्ज मीच लिहिलाय, फाटकापुढे उतार करून द्या म्हणून. पण माझाही डावा गुडघा आता दुखायला लागला आहे, आणि त्यानं दगा दिला तर तिच्याकडे उतरणारं दुसरं कोणी नाही.