शहापूरची जीप आणि समुद्राची ओली वाळू

समुद्र पाहायला जायचं ठरलं ते साकोलीच्या बाजारात, सुक्या मासोळीच्या टोपलीजवळ. अप्पाराव नावाचा एक तेलुगू व्यापारी दर हिवाळ्यात तिथे सुकी मासोळी विकायला यायचा. माझे मित्र मोतीरामभाऊ हे एकोडीच्या ढिवर, म्हणजे मच्छीमार, सोसायटीचे अध्यक्ष. जन्मभर तलावात जाळं टाकलेला माणूस. त्यांनी अप्पारावला विचारलं, "तुमारा समुंदर कितना बडा? हमारे एकोडीके तलाव इतना?"

अप्पाराव पोट धरून हसला. "आके देखना. मगर हमारे गाव को रस्ता नहीं. रेतीच रेती. मोटर नहीं आता."

"इनकी जीप आयेंगी," मोतीरामभाऊंनी माझ्याकडे बोट दाखवलं. "चारी चाकं जोर लावतेत तिचे."

अप्पारावने माझ्या जीपला एक चक्कर मारली, मागच्या टायरला हलकी लाथ मारली आणि म्हणाला, "नहीं आता."

मला निघायला तेवढं पुरे होतं.

जीपबद्दल थोडं सांगतो, नाहीतर पुढचं समजणार नाही. वैनगंगेकडच्या शहापूरला हायवेवर माझं गॅरेज आहे. शाळा मी सातवीत सोडली. इंजिन कोणी शिकवलं नाही, उघडून उघडून शिकलो. ही जीप मिलिटरीच्या लिलावातली, डिस्पोजलची. आणली तेव्हा चेसिस आणि गिअरबॉक्स एवढंच धड होतं. बाकी सगळं माझ्या हातचं. आणि आमचं घर गॅरेजवर चालत नाही, या जीपवर चालतं: उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचा सीझन लागला की ठेकेदार ती जंगलात फिरायला भाड्याने घेतो, आणि त्यावर वर्ष निघतं. ठेकेदाराने यंदा बजावून ठेवलं होतं की सीझनच्या पहिल्या दिवशी जीप चालू हालतीत दारात दिसली नाही तर देवरीचा जीपवाला तयारच आहे.

म्हणून बायको, शांता, ऐकायलाच तयार नव्हती. "सीझनच्या तोंडावर गाडी घेऊन समुद्रावर कायले जाता जी? काई झालं त खायाचं काय?"

"इंजिन माझ्या हातचं आहे. काही होत नाही."

"मंग मीबी येतो. तुमी दोघं मिळून जीप विकून यासान."

असे आम्ही तिघं, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे निघालो.

ज्यांना हा रस्ता करायचा असेल त्यांच्यासाठी: देवरीपर्यंत रस्ता आपल्या ओळखीचा. पुढे राजनांदगाव, दुर्ग, रायपूर. ट्रकांची गर्दी असते, पण डांबर चांगलं आहे. पेट्रोल रायपूरला पूर्ण भरा, आणि दोन जेरीकॅन वेगळे ठेवा. धमतरीनंतर पंप आहे असं लोक सांगतात. पंप आहे, पेट्रोल असतंच असं नाही. केशकालचा घाट दुसऱ्या गिअरवर सरळ चढतो, मात्र वळणावर हॉर्न दिल्याशिवाय जाऊ नका. जगदलपूरला मुक्काम केला. लॉजची खोली स्वस्त होती आणि तशीच होती. शांताने घरून आणलेल्या चादरी अंथरल्या आणि लॉजवाल्याची चादर घडी करून दाराबाहेर ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी कोरापुटचे डोंगर. सालूरच्या घाटात उतरताना गिअरमध्येच उतरा, ब्रेक जपून. खाली आलं की भाषा संपते. पाट्या वाचता येत नाहीत. सगळी अक्षरं गोल, जिलेबीसारखी, कुठून सुरू करायची तेच कळेना. मी माणसाला रस्ता विचारला की तो मान हलवायचा, आणि ती मान हो म्हणते की नाही म्हणते ते सांगता येत नव्हतं. विजयनगरमच्या हॉटेलात भाताबरोबर एक आंबट हिरवी भाजी वाढली. शांताने पहिला घास घेतला आणि एकदम ताठ बसली.

"अजी, हे त अंबाडी व्हय! आपली अंबाडी!"

तिने वाढणाऱ्याला विचारलं, अंबाडी ना? तो म्हणाला, गोंगुरा. ती म्हणाली, नाही बाप्पा, अंबाडी. दोघंही आपापल्या शब्दावर ठाम राहिले आणि तो तिला तीनदा वाढून गेला. त्या अख्ख्या मुलखात आमच्या ओळखीचं तेवढं एकच निघालं.

तिसऱ्या दिवशी डांबर संपलं, मग मुरूम संपला, मग ताडाच्या झाडांमधून नुसती वाळू. इथे मी टायरची हवा निम्म्याहून कमी केली, आखूड दांडी पुढे टाकून चारही चाकं जोडली. वैनगंगेच्या पात्रातून रेती काढून काढून मला हे माहीत आहे: वाळूत गाडी थांबवायची तर ब्रेक मारायचा नाही. ब्रेक मारला की चाकापुढे ढीग होतो आणि निघताना तोच आडवा येतो. पाय काढायचा, गाडी आपली आपण थांबते. जीप जहाजासारखी डोलत चालली. मागून मोतीरामभाऊ म्हणत होते, "वा रे पठ्ठे!" ते मला म्हणत होते की जीपला, हे विचारलं नाही.

शेवटच्या टेकाडावर चढलो आणि पुढे काहीच नव्हतं.

म्हणजे पाणी होतं. पण पलीकडचा काठ नव्हता. मी गाडी थांबवली. शांताने शेजारच्यांच्या टीव्हीवर समुद्र पाहिला होता, काळा-पांढरा, वीतभर. ती जीपमधून खाली उतरली. मग म्हणाली, "याले आवाज आहे, हे नव्हतं सांगितलं कोनी."

आणि खरंच, त्या आवाजाने मला काही सुचेना. आमच्या तलावाला आवाज नसतो. इथे पाण्याची एक भिंत उठायची, पुढे यायची, वाकायची, फुटायची. तोवर मागे दुसरी उभी. वारा म्हणावा तर तेवढा वारा नव्हता. मग हे पाणी हलवतं कोण? मोतीरामभाऊंना विचारलं. ते म्हणाले, "मी बी तेच पाहून राहिलो."

अप्पाराव धावत आला. जीपकडे पाहून त्याने दोन्ही हात जोडले, मला नाही, जीपला. तो दिवस मी विसरणार नाही.

त्याच्या घरी भात आणि मासोळीचं तिखट कालवण जेवलो. दुपारी परत काठावर आलो तर अजब झालं होतं. पाणी कितीतरी मागे गेलेलं. सकाळी जिथे लाटा फुटत होत्या तिथे ओली, करडी, सिमेंटसारखी सपाट वाळू चमकत होती. इकडे झोपड्यांपाशी जीपची चाकं मऊ वाळूत उभ्या उभ्या रुतत चालली होती आणि ते मला बघवत नव्हतं. मी खाली जाऊन टाच आपटून पाहिली. टणक.

"लावा बिनधास्त," मोतीरामभाऊ म्हणाले. "तलाव उन्हाळ्यात उतरला का मांगं जी ओली जागा सोडते, थे अशीच टनक रायते. आमी तिथं बैलबंड्या उभ्या करतो. उतरलेलं पानी मिरगापर्यंत वापस येत नाई."

मी जीप थेट खाली नेली, पाण्यापासून चांगली लांब, आणि समुद्राकडे तोंड करून उभी केली. तिथून ती फार देखणी दिसत होती.

अप्पारावचे दोन पोरगे तेप्पा घेऊन आले. तेप्पा म्हणजे चार-पाच ओंडके दोराने बांधलेले, बस. मोतीरामभाऊ त्यावर बसणार होते; त्यासाठीच ते एवढ्या लांब आले होते. त्यांनी वाकून पाहिलं. "यात त पानी येते खालून!"

"पानी आता," अप्पाराव म्हणाला, "जाता बी."

आमचा तलावातला डोंगा पाणी बाहेर ठेवतो म्हणून तरंगतो. हा पाणी आत घेऊन तरंगतो. मी स्वतः तो हलवून, वाकवून पाहिला. ओंडके जाणूनबुजून सैल बांधलेले. घट्ट बांधले तर लाट तोडते म्हणे. हे कळलं, पण पटलं नाही अजून.

अप्पाराव, पोरगे आणि मोतीरामभाऊ लाटांच्या पलीकडे गेले. पहिल्या लाटेत चौघंही दिसेनासे झाले आणि शांताने माझा दंड घट्ट धरला. मग ते पलीकडे वर निघाले, ओले, आणि मोतीरामभाऊंचं धोतर सोडून सगळं जागेवर होतं. बाकीचे पुरुष पहाटेच्या मासेमारीनंतर झोपले होते. बायका वर मासोळीला मीठ लावत बसल्या होत्या. आम्ही दोघं चालत वाळूवर लांबवर गेलो. शांता शिंपले वेचत होती. मी वाळूवरच्या नागमोडी रेघा पाहत होतो, कोणी फणीने ओढल्यासारख्या.

परत फिरलो तेव्हा शांता म्हणाली, "अजी, आपला डबा पोहून राहिला."

जीपच्या मागे वाळूत ठेवलेला आमचा स्टीलचा डबा पाण्यावर डुलत होता. पुढची चाकं अर्धी पाण्यात. मी पाहतच राहिलो. पाऊस नाही, पूर नाही, वरून कोणी धरण सोडलेलं नाही. हे पाणी आलं कुठून?

धावलो. आधी बॉनेट उघडून फॅनचा पट्टा काढला, पंख्याने पाणी इंजिनावर उडू नये म्हणून. एवढं भान होतं. इंजिन एका हाकेत लागलं. रिव्हर्स टाकला, चारही चाकं जोडली, क्लच हळू सोडला. गाडी एक हात मागे आली, मग लाटेने चाकांखालची वाळू काढून नेली आणि ती पोटावर बसली. दुपारची ती सिमेंटसारखी जमीन आता पातळ भातासारखी झाली होती. जोर द्यावा तेवढी खाली. मी जोर देणं थांबवलं. पुढची लाट बॉनेटला लागली. तेंदूपत्त्याचा अख्खा सीझन माझ्या डोळ्यांसमोर समुद्रात चालला होता, आणि मला करण्यासारखं एकही काम सुचत नव्हतं.

शांता ओरडत वर पळाली. तिला तेलुगूचा एक शब्द येत नव्हता आणि लागलाही नाही. बायका मिठाचे हात घेऊन उठल्या, जाळं ओढायचा जाड दोर खांद्यावर टाकून खाली आल्या. एका म्हातारीने मला सीटवरून खाली ओढलं आणि जे बोलली ते न समजताही पुरेसं समजलं. दोर मागच्या हुकात मी बांधला. मी ओढा म्हणालो. कोणी हललं नाही. त्या समुद्राकडे पाहत उभ्या. लाट आली, जीप किंचित उचलली गेली, तेव्हा म्हातारीने आरोळी दिली आणि सगळ्यांनी एकदम मागे पाय रोवले. जीप हलली. पुन्हा थांबल्या. पुन्हा लाट. शांता त्यांच्यात, लुगडं खोचून, त्यांच्यासारखीच आरोळी देत होती.

तेवढ्यात एका मोठ्या लाटेच्या खांद्यावर बसून तेप्पा आला. उतारावरून बैलबंडी सुटावी तसा, सरळ आमच्याकडे. मोतीरामभाऊ पोटावर पालथे, दोन्ही हातांनी ओंडका कवटाळून. वाळूवर आपटल्यावर त्यांनी मान वर केली, जीप पाहिली, पाणी पाहिलं.

"हे काहून वर आलं?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्हीच सांगा. तुम्ही अध्यक्ष."

पोरगे, मग झोपेतून उठलेले पुरुष, सगळे दोराला लागले. सूर्य मागच्या ताडांत उतरत असताना जीप कोरड्या वाळूवर आली.

पण खारं पाणी थांबत नाही, ते खात राहतं. मी अप्पारावला म्हणालो, धुवायला गोडं पाणी पाहिजे. त्याने वाळूतल्या एका खड्ड्याकडे बोट दाखवलं. गावात विहीर नव्हती. वाळूत खड्डे करून त्यात झिरपलेलं पाणी बायका करवंटीने घागरीत भरायच्या. एक घागर भरायला फार वेळ लागायचा. मी नको म्हणणार होतो. ती म्हातारी घरात गेली आणि पिण्याची घागर आणून माझ्यापुढे ठेवली. तिच्यामागे दुसरी आली. मी त्या पाण्याने ब्रेक, स्प्रिंगा, चेसिस धुतली, कपड्याने पुसून पुसून, थेंब वाया न घालवता. ती माणसं रात्री काय प्याली, मला माहीत नाही. ज्या म्हातारीने मला एवढ्या शिव्या दिल्या तिनेच पाणी का दिलं, हेही कळलं नाही. शांताला विचारलं. ती म्हणाली, "तुमाले इंजिनाबाहीरचं काई समजत नाई जी," आणि म्हातारीजवळ जाऊन मासोळीला मीठ लावायला बसली.

परतीच्या वाटेवर विजयनगरमला मागचा डिफरन्शियल उघडला. तेल दुधासारखं पांढरं निघालं, म्हणजे आत पाणी गेलेलं. ते बदललं, ब्रेकचे ड्रम साफ केले, आणि गाडी कुरकुर न करता घाट चढली. वाळूवर जाणाऱ्यांनी सोबत जादा तेल ठेवा, हे माझं सांगणं. आणि गाडी कुठे लावायची ते तिथल्या बाईमाणसाला विचारा.

सीझनच्या पहिल्या दिवशी जीप ठेकेदाराच्या दारात उभी होती. त्याने चक्कर मारून पाहिली आणि सरळ आत बसला. खालच्या पट्टीला गंजाची तांबडी रेघ आली आहे, ती मला एकट्याला दिसते.

गावच्या शाळेतल्या गुरुजींना पाणी वर येण्याचं कारण विचारलं. ते म्हणाले, चंद्र ओढतो. म्हटलं, मग एकोडीच्या तलावावर काय चंद्र उगवत नाही? त्यांनी सांगितलं बरंच. मी ऐकून घेतलं.

मे महिन्यात फडीवर, म्हणजे तेंदूपत्ता गोळा होतो तिथे, जाताना एकोडीला तलावाच्या पाळीवर थांबलो. पाणी पार आटलेलं, मधोमध उरलेलं. सोसायटीची पोरं हसत होती. मोतीरामभाऊंनी आपला डोंगा ओढून पार पाळीवर आंब्याखाली नेऊन ठेवला होता.

"अध्यक्ष, पानी तिकडं अन डोंगा इकडं काहून ठेवला गा?"

"राहू दे," मोतीरामभाऊ म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मग मी जीपमध्ये बसलो, रिव्हर्स टाकला आणि त्यांच्या डोंग्याच्याही वर नेऊन लावली.